चढले किती, उतरले किती

प्रति,
मा. मंत्री, बंदरे विकास विभाग, महाराष्ट्र शासन

महोदय,

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि तासाभराच्या आतच काश्याच्या खडकाजवळ उलटली. गटारी अमावास्येला घरी पोचायचे म्हणून निघालेले चाकरमानी, व्यापारी, बायामुले अशी माणसे तीत होती. त्या दुर्घटनेत नेमके किती जण गेले, या प्रश्नाला पाऊणशे वर्षांनंतरही एक उत्तर नाही. कुठे ६२५ छापलेले दिसते, कुठे ६९०. हा फरक ६५ माणसांचा आहे. एका एसटीत मावणार नाहीत एवढी माणसे नुसत्या आकड्यांच्या तफावतीत हरवली आहेत. त्यांना घरे होती, नावे होती, रेवसच्या धक्क्यावर वाट पाहणारे कोणीतरी होते. पण बोटीवर चढताना त्यांना कोणी मोजले नव्हते. तिकिटे मोजली होती, ती पावणेसातशेच्या आसपास भरली. खलाशी, उपाहारगृहातले नोकर, तिकीट न काढता चढलेले हे सगळे त्या हिशेबाबाहेर राहिले.

आपल्या विभागाकडे आणि महाराष्ट्र सागरी मंडळाकडे माझे मुख्य मागणे एकच आहे. राज्यातल्या कोणत्याही धक्क्यावरून प्रवासी बोट सुटण्यापूर्वी तिच्यावरचे प्रत्येक डोके मोजले जावे, तान्ह्या मुलापासून खलाशापर्यंत. तो आकडा बोट सुटण्याआधी किनाऱ्यावर नोंदला जावा. आणि पलीकडच्या धक्क्यावर उतरणारे मोजून दोन्ही आकडे जुळवले जावेत. भाऊचा धक्का ते रेवस आणि मोरा, गेटवे ते मांडवा आणि घारापुरी, मार्वे ते मनोरी, आगरदांडा ते दिघी, दाभोळ ते धोपावे, जयगड ते तवसाळ या सगळ्या वाहतुकीला हा नियम सारखाच लागू व्हावा. मागणे इतके साधे आहे की ते मागावे लागते याचेच नवल वाटेल. तरीही ते सविस्तर मांडतो, कारण सुरक्षेच्या बाकी सगळ्या व्यवस्था या एका आकड्यावर उभ्या आहेत, आणि तोच आकडा दुर्घटनेनंतर मागाहून शोधावा लागतो.

१८ डिसेंबर २०२४ ची घटना ताजी आहे. दुपारी चारच्या सुमारास गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून आदळली. दोन्ही बोटींवरचे मिळून १५ जण गेले. ‘नीलकमल’चा परवाना ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी, म्हणजे ९० माणसांचा होता. पहिल्या बातम्यांत बोटीवर ऐंशीच्या आसपास माणसे असल्याचे आले, मग तो आकडा शंभराच्या वर गेला. शेवटचा मृतदेह मिळाला तो तीन दिवसांनी, एका लहान मुलाचा. शोध घेणारा जवान पाण्यात उतरतो तेव्हा त्याला एक गोष्ट कळणे सगळ्यांत गरजेचे असते: अजून किती जण सापडायचे आहेत? हा आकडा हाती नसेल, तर शोध लवकर थांबण्याचा धोका असतो, किंवा कोणीच उरलेले नसताना तो चालू राहून दुसरीकडची माणसे आणि बोटी अडकून पडतात. नौदल, तटरक्षक दल, बंदराच्या बोटी आणि आजूबाजूचे लाँचवाले यांनी त्या दिवशी जीव तोडून माणसे उचलली. पण किती उचलायची आहेत, हे त्यांना निश्चित सांगू शकेल असा कागद किनाऱ्यावर नव्हता.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, ‘नीलकमल’ गर्दीने बुडाली नाही, धडकेने बुडाली, तेव्हा मोजणीने काय साधले असते? आक्षेप अर्धा खरा आहे. मोजणीमुळे नौदलाच्या बोटीचे सुकाणू ताब्यात आले नसते. पण परवान्यावरचा आकडा केवळ बसायच्या जागेचा नसतो. बोटीवर जीवरक्षक जॅकेटे किती असावीत, तरंगती साधने किती असावीत, किती माणसांच्या भाराने ती किती कलू शकते, हे सगळे त्या आकड्यावरून ठरते. ९० माणसांच्या बोटीवर १०५ माणसे चढवली, तर जादा १५ जणांसाठी जॅकेटे असतीलच याची खात्री राहत नाही. त्या अपघातानंतर जॅकेट घालणे सक्तीचे झाले, ते योग्यच झाले. पण सक्ती प्रत्येकाला लागू करायची, तर आधी ‘प्रत्येक’ म्हणजे किती हे ठाऊक असावे लागते. म्हणून जॅकेटची सक्ती आणि माणसांची मोजणी वेगळ्या करता येत नाहीत.

आणि गर्दीने बोटी बुडत नाहीत असेही नाही. बोट पाण्यात कशी टिकते हे पाहिले की हे उमगते. बोटीचे वजन जितके खाली, तितकी ती कललेली असताना पुन्हा सरळ होण्याची ताकद जास्त. माणसे हे असे ओझे आहे की ते स्वतः जागा बदलते. वरच्या डेकवर गर्दी झाली की वजन वर सरकते. पाऊस किंवा लाट एका बाजूने आली की सगळे दुसऱ्या बाजूला धावतात, आणि ज्या क्षणी बोटीला समतोल हवा असतो त्याच क्षणी तो मोडतो. ‘रामदास’चे असेच झाल्याचे सांगितले जाते: लाटांचे पाणी एका बाजूने आत शिरले, प्रवासी घाबरून दुसऱ्या बाजूला सरकले आणि बोट आडवी झाली. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळात थेक्कडीच्या तलावात ‘जलकन्यका’ उलटून ४५ पर्यटक गेले. काठावरचे प्राणी पाहायला लोक एका बाजूला झुकल्याचे तेव्हा पुढे आले. ७ मे २०२३ रोजी केरळातच तानूरला बोट उलटून २२ जण गेले, तिथेही परवान्यापेक्षा जास्त माणसे चढवलेली होती. लाट, वारा, वेग, बोटीची बांधणी यांवर धक्क्यावरच्या माणसाचा काहीच इलाज चालत नाही. गर्दी मात्र फळीवर पाय ठेवण्याआधी थांबवता येते, म्हणूनच मी तिच्यावर इतका भर देतो.

दुसरा आक्षेप बोटमालकांकडून येईल: तिकिटे फाडली जातात, हिशेब ठेवला जातो, मग वेगळी मोजणी कशाला? तिकीट पैसे मोजते. अर्ध्या तिकिटाचे मूल, बिनतिकिटाचे तान्हे, मालकाच्या ओळखीचा, बोटीवर खाद्यपदार्थ विकणारा, खलाशाचा भाऊ यांतले कोणीच तिकिटाच्या हिशेबात नीट बसत नाही. घारापुरीसारख्या ठिकाणी जाण्यायेण्याचे तिकीट सकाळीच एकत्र काढलेले असते आणि परतताना मिळेल ती बोट धरली जाते. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला बोटीवर किती जण आहेत हे सकाळच्या तिकीटखिडकीला कसे कळणार? गोव्यात तर नदीवरच्या सरकारी फेरीबोटींवर पायी प्रवाशांना तिकीटच नाही. तो प्रवास फुकट आहे आणि तसाच असावा. तिथे तिकिटाच्या भरवशावर माणसे मोजणे अशक्यच.

तिकीट किंवा यादी माणसाची साक्ष देत नाही याचे भयंकर उदाहरण फिलिपिन्सचे आहे. २० डिसेंबर १९८७ रोजी ‘डोन्या पाझ’ ही प्रवासी बोट ताक्लोबानहून मनिलाकडे जात असताना एका तेलवाहू बोटीला धडकली आणि आगीत सापडली. यादीत दीड हजारांच्या आसपास प्रवासी होते. नंतरच्या चौकशीत मृतांचा आकडा चार हजारांच्या पुढे गेला. बोटीवरचे जे २४ जण वाचले, त्यांतल्या केवळ पाचांची नावे यादीत होती. पश्चिम आफ्रिकेत सेनेगलची सरकारी बोट ‘ल जोला’ २६ सप्टेंबर २००२ च्या रात्री गाम्बियाच्या समुद्रात उलटली. क्षमता ५८० ची. मृत १८६३, वाचलेले ६४. मृतांचा हा सरकारी आकडाही तिथल्या कुटुंबांना कमी वाटतो. ती बोट सरकारच्याच मालकीची होती, म्हणून हे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. वाटेत काराबान या बेटाजवळ होड्यांतून येऊन आणखी माणसे तिच्यावर चढली. आपल्या खाड्यांमध्येही बोट वाटेत थांबते, माणसे चढतात उतरतात. म्हणून केवळ मुख्य धक्क्यावर मोजून भागणार नाही. प्रत्येक थांब्यावर आकडा बदलून नोंदला गेला पाहिजे.

यातून जगाने काय घेतले तेही पाहू. २८ सप्टेंबर १९९४ ला बाल्टिक समुद्रात ‘एस्टोनिया’ ८५२ माणसांसह बुडाली. त्यानंतर १९९८ मध्ये युरोपीय देशांनी प्रवासी बोटींसाठी एक नियम केला: निघण्यापूर्वी सर्व माणसे मोजायची, तो आकडा कप्तानाला द्यायचा आणि किनाऱ्यावरच्या एका जबाबदार व्यक्तीकडेही ठेवायचा, प्रवास २० सागरी मैलांपेक्षा लांबचा असेल, तर नावेही नोंदवायची. ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर १९१४ साली आकाराला आलेल्या आणि पुढे वेळोवेळी सुधारलेल्या सोलास या आंतरराष्ट्रीय करारातही निघण्यापूर्वी सगळ्यांची मोजणी करण्याचे कलम आहे. पण तो करार देशांदरम्यानच्या प्रवासाला लागू होतो. आपल्या राज्यातला प्रवासी जिथे सगळ्यांत जास्त जातो, त्या दोन-चार मैलांच्या खाडीच्या आणि बंदरातल्या वाहतुकीला तो लागू नाही. ती जागा राज्याने स्वतःच्या नियमाने भरायची आहे. मुंबईहून परदेशी निघालेल्या बोटीवरच्या पाहुण्याला जे संरक्षण मिळते, ते रेवसहून मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या बाईला मिळू नये, याला कुठलेच समर्थन नाही.

यातला किनाऱ्यावरचा आकडा हा भाग मला कळीचा वाटतो. बोटीवर वही असली आणि ती बोटीबरोबर बुडाली, तर तिचा उपयोग काय? ‘रामदास’वर बिनतारी यंत्रणा नव्हती. बोट सकाळीच बुडाली, आणि मुंबईला बातमी लागली ती दुपारनंतर. त्याआधी मासळी विकायला मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी आपली मासळी समुद्रात टाकून होड्यांत माणसे घेतली. सुमारे ७५ जण त्यांनी वाचवले असे सांगतात. नशिबाने ते त्या वाटेवर होते. आता कल्पना करा की पलीकडच्या धक्क्यावर एक माणूस नेमलेला आहे. त्याला निघण्याची वेळ आणि चढलेल्यांचा आकडा कळवलेला आहे, आणि ठरल्या वेळेच्या पुढे अर्धा तास गेला तरी बोट दिसली नाही तर शोध मागायचा, असा त्याला हुकूम आहे. १९४७ मध्ये हे तारेने किंवा टेलिफोननेही जमले असते. आज प्रत्येकाच्या खिशात फोन असताना जमत नसेल, तर अडचण यंत्राची नाही, नेमणुकीची आहे. ‘चढले किती, उतरले किती’ हा हिशेब दोन्ही टोकांना जुळवला, तर प्रवासात मध्येच कोणी पाण्यात पडला असेल तेही त्याच दिवशी कळेल. एकट्याने प्रवास करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा पत्ता आज त्याच्या घरच्यांना कधी लागतो, याचा आपण विचार करावा.

तिसरा आक्षेप वेळेचा. सकाळच्या घाईत, ओहोटी लागायच्या आत, धक्क्यावर शेकडो माणसे उभी असताना मोजत कोण बसणार? पण बोटीवर चढायचा रस्ता अरुंद असतो. फळीवरून माणसे एकेकच जातात. हातात दाबायचे साधे मोजणी यंत्र घेऊन एक माणूस फळीजवळ उभा राहिला, तर एका मिनिटाचाही विलंब होत नाही. विमानाचे दार लावण्याआधी आतली माणसे मोजली जातात. एसटीचा वाहक गाडी सुटण्याआधी माणसे मोजून तिकिटांशी ताळा घेतो. सागरी सुरक्षेच्या नावाने मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर आपण मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे दिली आणि समुद्रात जाणाऱ्या खलाशाची ओळख पटवण्यावर केवढा तरी खर्च केला. बंदोबस्तासाठी मच्छीमाराची ओळख नोंदवता येते, तर प्रवाशाच्या जिवासाठी त्याचे डोके मोजणे जड का व्हावे?

आता सगळ्यांत गंभीर आक्षेप, आणि मला तो मनापासून मान्य आहे. नियम कडक केला की भुर्दंड शेवटी बोट हाकणाऱ्या तांडेलावर पडतो. मालक सांगतो अजून दहा घे, प्रवासी ओरडतात की ही शेवटची लाँच आहे, आणि अपघात झाला की बेड्या तांडेलाच्याच हातात पडतात. शिवाय धक्क्यावर आणखी एक सरकारी माणूस उभा करायचा म्हणजे चिरीमिरीची आणखी एक जागा तयार करायची, अशीही भीती आहे. म्हणूनच मोजणीची जबाबदारी तांडेलावर टाकू नये, ती सागरी मंडळाने घ्यावी. आणि आकडा बंद वहीत ठेवू नये. प्रत्येक बोटीच्या चढण्याच्या जागी तिची परवानगीची संख्या मोठ्या देवनागरी अंकांत लिहिलेली असावी आणि शेजारी चढत जाणारा आकडा सगळ्यांना दिसावा. ९० पैकी ९० चढल्याचे डोळ्यांसमोर असेल, तर एक्क्याण्णवा माणूस चढवताना पाठच्या रांगेतलेच लोक हरकत घेतील. लाच घेणाऱ्याला अंधार लागतो, आणि दिसणारा आकडा तो अंधार उरू देत नाही. तांडेलाने जास्त माणसे घ्यायला नकार दिला म्हणून मालकाने त्याला कामावरून काढू नये, असे लेखी संरक्षणही त्याला द्यावे.

मात्र एवढ्याने भागत नाही, हे मी आपल्यापासून लपवणार नाही. परवान्याच्या संख्येवर बोट थांबवली, की मागे उरलेल्या माणसांचे काय? जादा माणसे चढतात ती बहुधा लोभापेक्षा शेवटच्या फेरीच्या धाकाने. मागे राहिला तर रात्र धक्क्यावर काढावी लागेल, हे ठाऊक असलेला माणूस नियम ऐकत नाही, आणि त्याला दोष देणे अन्यायाचे आहे. म्हणून मोजणीबरोबरच शेवटच्या फेरीनंतर एक राखीव लाँच ठेवण्याची जबाबदारी मंडळाने घ्यावी. तिचा खर्च मालकांच्या संघटना आणि शासन यांनी वाटून घ्यावा. मोजणी सुरू झाली की कोणत्या दिवशी, कोणत्या वेळेला, कोणत्या धक्क्यावर किती माणसे उरतात याची नोंदही आपसूक तयार होईल. आज ही माहिती कोणाच्याच हाती नेमकेपणाने नसावी. नव्या जेट्ट्यांवर आणि रो-रो सेवांवर खर्च ठरवताना ती आपल्याच विभागाला लागणार आहे. गेटवेवरची गर्दी कमी व्हावी म्हणून रेडिओ क्लबजवळ नवी जेट्टी उभारण्याचे काम शासनाने हाती घेतले आहे. जेट्टी मोठी झाली तर बोटी वाढतील, माणसे वाढतील. मोजणीची सवय तिथे पहिल्या दिवसापासून लागली नाही, तर ती पुढे लावणे अवघड जाईल.

नावांचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. पंधरा मिनिटांची खाडी ओलांडणाऱ्यांची नावे घेणे शक्य नाही आणि ते मागणे अतिरेकाचे होईल. तिथे संख्या पुरे. पण जिथे प्रवास तासांचा आहे, मुंबईहून थेट रत्नागिरी-सिंधुदुर्गकडे जाण्याच्या योजना आहेत, तिथे नाव, वय आणि घरचा एक संपर्क नोंदवून तो किनाऱ्यावर ठेवणे बंधनकारक करावे. ही माहिती फक्त शोधकार्यासाठी वापरावी आणि प्रवास सुखरूप संपताच पुसून टाकावी, असेही नियमातच लिहावे, म्हणजे लोक खरी नावे देतील. नावे का हवीत, ते यावरून कळेल: नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली, लोकांनी ‘वीजळी’ म्हणून ओळखलेली ‘वैतरणा’ वाटेत बेपत्ता झाली. तिच्यावर लग्नाची वऱ्हाडे होती, परीक्षेला मुंबईला निघालेले विद्यार्थी होते. नोंदीतला आकडा साडेसातशेच्या आतबाहेर आहे, आणि सौराष्ट्रातल्या लोकांच्या तोंडी तो तेराशेपर्यंत जातो. नेमके किती आणि कोण कोण गेले, यावर आजही एकमत नाही.

पावसाळ्यात जून ते ऑगस्ट या वाहतुकीतला मोठा भाग बंद असतो. हा काळ आपल्या विभागाला पुरेसा आहे. एवढ्या अवधीत नियमाचा मसुदा निघू शकतो, धक्क्याधक्क्यावर माणसे नेमता येतात, क्षमतेचे फलक रंगवून लावता येतात. आपल्याकडून मला इतकेच जाहीर उत्तर हवे आहे: पावसाळा संपल्यावर भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच सुटेल, तेव्हा तिच्यावरच्या माणसांचा आकडा किनाऱ्यावर कोणाच्या हाती असेल, त्या कर्मचाऱ्याचे पद काय, आणि लाँच वेळेवर पोचली नाही तर त्याने कितव्या मिनिटाला कोणाला फोन करायचा आहे?

कळावे.

आपला नम्र,
एक नागरिक